चार्जरची उष्णता



मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरी चार्जिंगला लावलेली विजेची दुचाकी पेटली आणि धुराने गुदमरून वडील व मुलगी दोघेही दगावले. अशा दुचाक्या आता आपल्या मोहल्ल्यांतही दिसतात, म्हणून चार्जरविषयी चार शब्द.

विद्यार्थ्यांनी जरा गणित मांडावे. बॅटरीला 160 वॅट पुरवणारा चार्जर 90 टक्के कार्यक्षम असला, तर तो सुमारे 178 वॅट वीज ओढतो. मधले 18 वॅट कोठे जातात? त्यांची उष्णता होते. पूर्वीचा ‘झिरो’चा बल्ब 15 वॅटचा असे. तो गोधडीत गुंडाळून रात्रभर पेटता ठेवण्यास कोण धजेल? चार्जर मात्र आपण खुशाल गादीवर ठेवतो! त्याला फरशी हवी, भोवती मोकळी हवा हवी. पंखा असल्यास जाळीतली धूळ झाडावी.

बॅटरीचे प्रकरण याहून नाजूक. लिथियमची बॅटरी साधारणपणे 45 अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असताना चार्ज करू नये. उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत निवू द्यावी. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जुना चार्जर तिला जोडणे तर सर्वस्वी चूक, कारण दोहोंचे व्होल्टेज जुळत नाही. ‘घरात पडून होता’ ही सबब मला पटत नाही.

आणि गाडी जिन्याखाली किंवा दाराशी चार्जिंगला लावू नये. आग लागली, तर घरच्यांना बाहेर पडायला वाट तीच असते.