वेताळ पुन्हा झाडावर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघडच अशी होती की, कामगार चळवळीतला मनुष्य कामगार कायद्यावर चार शब्द बोलेल. तो विषय आम्हांस येत नाही असे नाही. परंतु दिवसभर उकाड्याने हैराण झालेल्या माणसांपुढे बोनसच्या कायद्याची कलमे वाचणे म्हणजे श्रोत्यांवर लाठीमार करण्यासारखेच आहे. म्हणून आम्ही दुसरा विषय मागून घेतला. एखादी अद्भुत गोष्ट सुरू होते, रंगते, आणि मग पुढेही सरकत नाही व संपतही नाही. अशा गोष्टीच्या वाचकाने काय करावे? हा विषय पोरकट वाटेल. पण या प्रश्नाने आम्हांस एकदा चारचौघांत खाली मान घालावयास लावली आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढे लाकडाच्या वखारीत काम, मग तळोजाचा कारखाना, मग युनियन. जे काही वाचले ते वाचनालयात आणि दुसऱ्याने वाचून टाकलेल्या अंकांतून. त्यांत पहिला मान ‘चांदोबा’चा. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासेत तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक काढले आणि १९५२ पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून येऊ लागले. एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर तो अंक दोरीला चिमट्याने लटकलेला असे. विकत घेण्याची ऐपत नव्हती. गाडीवाल्याचे गठ्ठे सोडून द्यावेत आणि त्याच्या बदल्यात गाड्यामागे बसून अंक वाचावा, असा आमचा त्याच्याशी करार होता. आमच्या आयुष्यातला पहिला वेतनकरार म्हणावयाचा तो हाच!

अंक हातात पडला की आधी विक्रम आणि वेताळ. शंकर या चित्रकाराने काढलेला तो राजा आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. वेताळ गोष्ट सांगणार, शेवटी कोडे घालणार, उत्तर ठाऊक असून न दिलेस तर डोके फुटेल म्हणणार. राजा उत्तर देणार, त्याचे मौन मोडणार, आणि वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर. दर महिन्यास हेच. पहिली दोन वर्षे आम्ही श्वास रोखून वाचले. तिसऱ्या वर्षी मधली गोष्ट तेवढी वाचू लागलो. पुढे राजाचा राग येऊ लागला. एवढा शहाणा राजा, आणि तोंड बंद ठेवण्याची अक्कल त्याला कशी येत नाही? आमच्या हाती जो शेवटचा अंक आला त्यातही प्रेत खांद्यावरच होते.

वयाच्या तिसाव्या वर्षी वाचनालयात ‘कथासरित्सागरा’चे भाषांतर हाती लागले. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेला हा ग्रंथ. त्यात वेताळाच्या गोष्टी आहेत पंचवीस, आणि त्यांना चक्क शेवट आहे! शेवटचे कोडे असे की, बापाने मुलीशी व मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजास उत्तर सापडत नाही. तो गप्प राहून चालत राहतो. वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो आणि सांगतो की, ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत वाहतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा कसा घालावयाचा ते तूच दाखव म्हण, आणि तो आडवा झाला की तलवार चालव. गोष्ट संपली. आम्ही वाचनालयाच्या बाकावर अवाक् होऊन बसून राहिलो. हजार वर्षांपूर्वी संपलेली गोष्ट आमच्या लहानपणी संपली नव्हती!

असे का झाले याचा उलगडा करणे आम्हांस कठीण गेले नाही. महिन्याच्या महिन्याला यंत्र चालू ठेवावयाचे तर त्यात कच्चा माल पडलाच पाहिजे. पंचवीस गोष्टी दोन वर्षांत संपतात. वाचकास तर राजा आणि वेताळ हवेच असतात. तेव्हा गोष्टी नव्या घाला आणि राजास स्मशानातच फिरवा. हा व्यवहार नवा नाही. देवकीनंदन खत्रींनी हिंदीत ‘चंद्रकांता’ लिहिली, लोक वेडे झाले, मग ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग झाले, त्यातून ‘भूतनाथ’ निघाला, आणि तो पुरा होण्यापूर्वीच १९१३ साली खत्री वारले. पुढचे काम त्यांच्या मुलाने केले. आमच्या हरिभाऊ आपट्यांची कथा वेगळी. ते अद्भुताच्या वाटेस फारसे गेले नाहीत. पण १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालविणाऱ्या या थोर माणसाच्याही ‘गणपतराव’, ‘कर्मयोग’ यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. आठवड्याच्या आठवड्याला पान भरून देणाऱ्या माणसास आम्ही तरी दोष देणार नाही. तो शेवटी तुकड्यावर काम करणारा कामगारच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण येऊ लागला. रसायनांच्या कारखान्यात उपकरणे सांभाळणारा, रात्रपाळीचा. त्याच्या पिशवीत विटेएवढे जाड इंग्रजी पुस्तक. जॉर्ज मार्टिन नावाच्या अमेरिकन लेखकाची ही मालिका. राजे, ड्रॅगन, बर्फातली भुते. पहिला भाग १९९६ साली आला, पाचवा २०११ साली. सहावा अद्याप आलेला नाही. मध्यंतरी दूरदर्शनवाल्यांनी त्याच गोष्टीची मालिका केली आणि २०१९ साली तिचा शेवटही करून टाकला, पुस्तक मागेच. तो पोरगा भडकलेला होता.

“काका, पाच पुस्तकांचे पैसे मोजले मी. ओव्हरटाइमचे पैसे. आणि हा माणूस लिहीतच नाही. ही फसवणूक नाही काय?”

आम्ही त्यास म्हटले, “बाबा रे, पाच पुस्तकांचे पैसे दिलेस, पाच पुस्तके मिळाली. सहाव्याचा करार कोठे आहे? तू त्याचा मालक नाहीस. मालकासारखा बोलू लागलास तर ह्या कचेरीत तुला खुर्ची मिळणार नाही.”

आमच्या उत्तरावर आम्ही खूष होतो. पण आपण ज्यास अडाणी समजून समजावयास जातो तोच आपणांस शिकवून जातो, हा आमचा नेहमीचा अनुभव. तो म्हणाला, “पैशाचं जाऊ द्या. माझ्या डोक्यात त्या गोष्टीतली शंभर-दोनशे माणसं राहतात. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाला काय वचन दिलं, सगळं मी जपून ठेवलंय. आता एकेक नाव विसरायला लागलोय. पुस्तक उद्या आलं तरी वाचणारा तो मी उरलो नाही.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही ती पुस्तके त्याच्याकडून समजावून घेतली. असल्या गोष्टी कोठे अडतात ते कळले. लेखक दर भागात नवी माणसे आणतो, आणि प्रत्येक माणसाबरोबर एक दार उघडतो. पुढे त्यास दारे बंद करावयाची असतात, तर एकाच वेळी वीस दारांशी उभे राहावे लागते. मार्टिनने गोष्ट मध्येच पाच वर्षे पुढे नेण्याचे ठरविले होते. ते जमले नाही म्हणून सोडले. चौथा भाग इतका फुगला की, निम्मी माणसे त्यात घेऊन उरलेल्यांसाठी पाचवा करावा लागला. रॉबर्ट जॉर्डन या दुसऱ्या अमेरिकनाची मालिका १९९० साली सुरू झाली. तिच्या नवव्या भागाच्या अखेरीस एक मोठी घटना घडते, आणि २००३ साली आलेल्या दहाव्या भागाची कितीतरी पाने तीच घटना ठिकठिकाणच्या माणसांस कशी जाणवली एवढेच सांगण्यात जातात. वाचक चवताळले. २००७ साली जॉर्डन वारला. पण आजारी असता त्याने शेवट सांगून ठेवला होता, टिपणे ठेवली होती. त्याच्या पत्नीने दुसरा लेखक निवडला आणि २०१३ साली चौदाव्या भागाने ती मालिका पुरी झाली. मरणारा माणूस आपल्या वाचकांसाठी शेवट सांगून जातो, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटली.

‘चांदोबा’चे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. मालक-कामगार तंट्यामुळे १९९८ साली ते मासिक बंद पडले आणि सुमारे वर्षाने पुन्हा निघाले. तेव्हा आमच्या आळीतल्या एका गृहस्थाने आम्हांस भर चौकात ऐकविले, “तुमच्या लोकांनी पोरांचा चांदोबासुद्धा ठेवला नाही!” त्या तंट्यातले खरेखोटे आम्हांस येथून काय दिसणार? पण राजाच्या खांद्यावरचे प्रेत कोणीतरी खिळे जुळवून, कागद कापून, गठ्ठे बांधून आमच्यापर्यंत पोचवीत होते, हे आम्हांस त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते, ही लाजेची गोष्ट. २००७ साली मुंबईच्या एका संगणक कंपनीने ते मासिक विकत घेतले आणि २०१३ च्या सुमारास ते छापणे थांबले.

आता आमची गोष्ट. या भागातल्या एका कारखान्याने एके वर्षी एकतीस कामगारांना गेटबाहेर काढले. प्रकरण न्यायालयात गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्या एकतीस घरांची सभा घेत असू. पहिल्या वर्षी सभेस बायकापोरेही येत. आम्ही बोलत असू, आणि बरे बोलत असू. मुंबईच्या गिरण्यांचा संप, जो १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि जो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, त्याचे दाखले देत असू. (त्या संपाचा एक धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. कोनच्या घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत २०१६ साली निघाली. किल्ल्या हाती पडावयास आणखी किती वर्षे गेली ते आपण पाहिलेच आहे.) तारीख पडे, वकील आजारी असे, साहेब बदले. आम्ही दर सभेत एखादे नवे कलम, एखादा नवा निवाडा, एखादे नवे आश्वासन आणीत असू. सहाव्या वर्षी सभेस अकरा माणसे उरली.

त्या दिवशी भाषण संपल्यावर एका कामगाराची आई उठली. म्हातारी शेतात राबलेली, सही न येणारी. ती म्हणाली, “भाऊ, माझा नातू चांदोबा वाचून दाखवतो मला. तुमचंबी तसंच हाय. गोष्ट बेस सांगता, अन् मढं परत झाडावर. येवढंच सांगा, ह्याला शेवट हाय का?”

आणि येथे कबुली द्यावयाची आहे. वकिलाने आम्हांस दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते की, खटला कमजोर आहे, तडजोड करा. ते आम्ही सभेत बोललो नव्हतो. बोललो असतो तर सभा मोडली असती, आणि सभा मोडली की आमच्याजवळ तरी काय उरले असते? मालिका चालू ठेवण्यात आमचाही पोटापुरता स्वार्थ होता. पैशाचा नव्हे, मानाचा. त्या दोन वर्षांत दोघांनी आलेली नोकरी सोडली होती, निकाल लागेल म्हणून. एकाने मुलीचे लग्न लांबविले होते.

आम्ही म्हटले, “आजी, आम्हांस ठाऊक नाही.” आणि मग वकील जे म्हणाला होता ते सारे सांगितले. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. एक जण उठून चपला घालून निघून गेला. तो आजही रस्त्यात भेटला तर आमच्याकडे पाहत नाही, आणि त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. पुढल्या चार महिन्यांत तडजोड झाली. रक्कम मागणीच्या निम्मीही नव्हती. सव्वीस जणांनी घेतली, पाच जणांनी नाकारली आणि ते खटला चालवीत राहिले.

तो रात्रपाळीचा पोरगा परवा कचेरीत आला होता. पाचही भाग आणून त्याने आमच्या कपाटात ठेवले. “वाचनालयाला देऊन टाका,” म्हणाला. मग दारातून परत फिरला, पहिला भाग तेवढा काढून पिशवीत घातला आणि पाळीवर गेला.