मलेबल म्हणजे कुठलं लोखंड?

माझ्या हातातला हा तुकडा जरा नीट बघा. ट्रकच्या पाट्यांना चासीशी धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा आहे. हा मी मोडला. म्हणजे मी जोडला, म्हणून तो मोडला.

वडील फौजेत होते. त्यांची बदली बबीनाला झाली तेव्हा मी नुकताच आयटीआय करून वेल्डिंग शिकलो होतो. बबीना हे झाशीहून ललितपूरकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर लागणारं छावणीचं गाव. रणगाड्यांचा सराव, दगडाळ जमीन, आणि उन्हाळ्यात पत्र्याला हात लावायची सोय नाही. हमरस्त्यालगत एका उस्तादांच्या दुकानात मी बसू लागलो. उस्ताद झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले.

एक दिवस ते नसताना एक ट्रक आला. ब्रॅकेटला तडा होता. ठिणग्या बघितल्या, कानसून बघितलं, मऊ लागलं. वाटलं, साधं लोखंड आहे. रॉड लावला, छान शिवण घातली, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी ट्रक रस्त्यावर एका बाजूला बसला. ड्रायव्हर वाचला, हे त्याचं नशीब. तुकडा बघून उस्ताद एवढंच म्हणाले, "भैया, ये तो मलेबल था."

मला तो शब्द शाळेतला आठवला. विज्ञानाच्या पुस्तकात मॅलिएबल म्हणजे वर्धनीय, ठोकून पत्रा करता येईल असं. सोनं वर्धनीय. मग हे लोखंड तर उलट सोपं असायला हवं! इथंच गोची आहे. नाव गुणाचं, आणि ते दोन वेगळ्या मालांना लागलं. १८२० मध्ये जॉन बर्किनशॉनं इंग्लंडात ज्या 'मॅलिएबल' लोखंडाच्या रुळांचं पेटंट घेतलं, ते घडीव लोखंड होतं, लोहाराच्या ऐरणीवरचं. आजच्या दुकानातलं मलेबल मात्र बीड आहे. होय, ज्याचा तवा हातातून पडला की दोन तुकडे होतात, त्याच बिडाचा भाऊ. फरक आहे तो भट्टीतल्या मुक्कामाचा.

साध्या राखाडी बिडात कार्बन पाकळ्यांसारखा पसरलेला असतो. प्रत्येक पाकळीची कड म्हणजे तयार चीर. मलेबल करताना आधी मुद्दाम पांढरं बीड ओततात. त्यात कार्बन लोखंडाशी जखडलेला असतो. हे बीड काचेसारखं कडक, त्यावर कानस चालत नाही. मग ते ओतकाम साधारण ९०० ते ९५० अंशांवर कित्येक तास ठेवायचं आणि हळूहळू निववायचं. कार्बन सुटतो आणि कापसाच्या बोंडासारख्या छोट्या गाठी होऊन बसतो. गाठीला धारदार कड नसते, म्हणून धातू ताण आला तर आधी थोडा वाकतो. ठोकून पत्रा होत नाही, पण फुटतही नाही. फ्रान्समध्ये रेओम्यूरनं १७२२ मध्ये बीड मऊ करण्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत नेवार्कच्या सेथ बॉयडननं १८२६ मध्ये काळ्या गाभ्याचं मलेबल केलं, आणि हा तुकडा त्याच घराण्यातला.

आता माझी चूक. वेल्डिंगनं तिथला धातू वितळला आणि आजूबाजूच्या थंड लोखंडानं त्याची उष्णता झटकन ओढून घेतली. लगतच्या तापलेल्या पट्ट्यातही गाठींमधला कार्बन पुन्हा लोखंडात शिरला. झटकन गार झालेलं बीड म्हणजे काय? पांढरं बीड! भट्टीनं कित्येक तासांत जे केलं, ते मी पाच मिनिटांत पुसलं. हे बघा, शिवण शाबूत आहे. तडा तिच्या शेजारून गेलाय. इथं मोड चकचकीत पांढरी दिसते, आणि चार बोटं पलीकडे गाभा मखमली काळा.

दुरुस्ती करायचीच तर पितळेनं ब्रेझिंग करतात, कारण त्यात मूळ धातू वितळत नाही. पण उष्णता जपून द्यावी लागते. आणि ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे, तो भाग जोडूच नये. नवा घ्या. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे.

हा माल तुमच्या घरातही आहे. नळाच्या जी.आय. पाइपला लावलेले एल्बो, टी, युनियन बघा. तोंडाशी जाड कडं असलेले हे फिटिंग मलेबलचे. त्यांच्यासाठी आयएस १८७९ हे भारतीय मानक आहे. प्लंबरनं पाना जरा जास्त आवळला तरी ते सहसा तडकत नाहीत, ते यामुळेच. रेल्वेच्या ओव्हरहेड तारा धरणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवरची टोपीही बऱ्याचदा याचीच.

मग सगळंच मलेबलचं का करत नाहीत? कारण आधी पांढरं ओतायला माल लवकर गार व्हावा लागतो, आणि जाड ओतकामाचा गाभा लवकर गार होत नाही. भट्टीचं इंधन वेगळंच. १९४८ मध्ये मॅग्नेशियम घालून ओततानाच कार्बनचे गोळे करायची रीत जाहीर झाली, तेच एसजी आयर्न. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये आज तेच नाव जास्त कानी पडतं. बरेच जुने मलेबलचे भाग आता एसजीत येतात.

जुन्या गाड्यांखाली मात्र मलेबल अजून आहे. ब्रॅकेट हातात आला की मी आधी हातोडीनं हलकं वाजवतो. राखाडी बीड बद्द बोलतं, मलेबल जरा खणखणतं. मग आतल्या बाजूला एक लहान भोक पाडून कीस बघतो. राखाडीची भुकटी पडते, मलेबलचे बारीक वळलेले तुकडे येतात. तरी खात्री पटली नाही, तर मशीन सुरूच करत नाही. त्या ड्रायव्हरला मी पैसे परत केले होते, उस्तादांनी सांगायच्या आधी. तुकडा मात्र मागून घेतला.