डोंगरची मैना आणि पावसाचे पंचांग



रे रोडसारख्या गुदामांच्या वस्तीत फळझुडपांवर बोलायला आम्ही उभे राहिलो, हे पाहून काहींना हसू येईल. पण हा मुलूख बागांना परका नाही. शेजारचे माझगाव एके काळी आंब्यांसाठी नावाजलेले होते. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी जेथे आहे, तेथे पूर्वी वनस्पती-उद्यान होते. राणीची बाग तर १८६२ पासून जवळच आहे.

थंड देशांत कोणते झाड कोठे तगेल, हे हिवाळ्यातील नीचतम उष्णमानावरून ठरवितात. अमेरिकेच्या शेतीखात्याने असा नकाशा २०२३ साली सुधारला, तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबेकडे सरकलेला दिसला. आपल्याला हिमाची भीती नाही. आपला पट्टा पाऊस आखतो. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती; वेधशाळेने २०२० साली ती ८ ऑक्टोबर केली. २०२५ साली तर पाऊस २६ मे रोजीच, म्हणजे नेमाच्या ११ जूनपूर्वी सोळा दिवस, दारात आला.

आता करवंदीचा विचार करा. सह्याद्रीच्या कातळावर, मूठभर मातीत ती वाढते. ऊन सोसते, मातीतील खारही बऱ्यापैकी सोसते. आपल्या भरावाच्या जमिनीला अशीच जाळी हवी. परंतु झाड उन्हाला भीत नसले, तरी त्याचे पिकले फळ पावसापुढे टिकत नाही. करवंद काळे होते ते मे महिन्यात. तेव्हाच सरी आल्या की फळ गळते, आंबते. आणि डोंगरातून पाटी घेऊन येणाऱ्या ठाकर-कातकरी बायांची थोड्या आठवड्यांची कमाई बुडते. करवंदे महागली म्हणून कुरकुर करण्यापूर्वी आपण हे ध्यानात घ्यावे.

मग करायचे काय? करवंदीचे बी ताजेच पेरावे. वाळले की ते नीट रुजत नाही. बियांची रोपे एकसारखी निघत नाहीत, आणि आपला लाभ यातच आहे. जी जाळी इतरांआधी पिकते, तिचे बी निवडावे; त्यातून लवकर पिकणारी रोपे मिळण्याची आशा अधिक. चाळीत जमीन नसेल तर जुने पिंप घ्यावे, तळाला भोके पाडावीत, खाली खडी घालावी. ऊन भरपूर हवे. मुळाशी पाणी साचता कामा नये. फळाला काही वर्षे थांबावे लागते. पाऊस लवकर येण्याची चिन्हे दिसली, तर हिरवी करवंदे लोणच्याला उतरवावीत. सोबतीला फालसा लावावा. त्याला नव्या फुटीवर फळ धरते, म्हणून दर हिवाळ्यात तो छाटावा.

श्रोतेहो, येत्या उन्हाळ्यात करवंदांचा द्रोण हाती घ्याल, तेव्हा त्या बाईंना एवढे विचारा : कोणत्या डोंगरावरची जाळी आधी पिकते? उत्तर लक्षात ठेवा, आणि बिया फेकू नका.