गिरणीची जमीन आणि वस्तीचे गावपण



मुंबईतील लालबाग, परळ, भायखळा, वरळी या परिसराला ‘गिरणगाव’ हे नाव पडले. त्या नावात गिरणीइतकेच गावही होते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार आपले गाव बरोबर घेऊनच मुंबईत उतरला. एकेका गाळ्यात एकाच गावची माणसे राहत, खानावळवालीकडे जेवत आणि चाळीच्या चौकात भजन व गणेशोत्सव करीत. खोली लहान असली तरी चौक सर्वांचा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि अठ्ठावन्न गिरण्यांखालील सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्याचे उत्तर दिले होते. पुनर्विकास करावयाचा झाल्यास जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग उद्यान-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडामार्फत परवडणाऱ्या घरांसाठी आणि उर्वरित मालकासाठी, अशी ती वाटणी होती. प्रख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा सुटा सुटा विचार न करता एकत्रित नियोजन करावे, असे सुचविले.

तथापि या अटींवर पुढे येणारे मालक थोडे होते. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करावयाची, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून वगळावयाची, असे ठरले. गिरणीचे बहुतेक आवार शेडखाली असते. त्यामुळे लोकांच्या वाट्याला तुकडे उरले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाविरुद्ध निर्णय दिला; परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम वैध ठरविला.

परिणाम आकड्यांत दिसतो. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ आणि २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरे निघाली. अर्जदार कामगार व वारस मात्र दीड लाखांहून अधिक होते. शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावाला कामगार संघटनांनी २०२५ मध्ये आझाद मैदानावर विरोध केला. ज्या भूमीवर पिढ्या राबल्या, तेथून शहराबाहेर जाणे त्यांना मान्य नव्हते.

संख्येइतकाच रचनेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. २०१२ च्या सोडतीतील घरे २२५ चौरस फुटांची आणि बहुमजली इमारतींतील होती. छप्पर मिळाले, पण चौक हरवला. याच कोरियांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे सिडकोसाठी ‘आर्टिस्ट व्हिलेज’ ही वस्ती रचली. तेथे सात-सात घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती मांडली आणि असे तीन समूह मिळून त्याहून मोठा चौक साधला. शेजारच्या घराशी भिंत सामायिक नसल्याने प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढविता येई. उंच इमारतींवाचूनही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची वस्ती शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे अनेक मूळ घरे पाडून तेथे मोठी घरे उभी राहिली. चौक टिकले, परंतु स्वस्त घरे टिकविण्यासाठी निराळी तरतूद लागते, हा धडाही बेलापूरनेच दिला.

परळच्या मोलाच्या जमिनीवर बैठी घरे बांधणे शक्य नसेल. चार-पाच मजल्यांची, चौकाभोवतीची, लांब व्हरांड्याची चाळ मात्र मुंबईला अपरिचित नाही.

आज अन्य शहरांतही बंद कारखाने, जुनी गोदामे, सार्वजनिक भूखंड पडून आहेत. त्यांचा विचार करताना तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. लोकांचा वाटा संपूर्ण जमिनीवर मोजला जावा. पुनर्विक्रीतही घराची किंमत आवाक्यात राहील, अशी अट आरंभीच असावी. आणि घराइतकाच चौकही आराखड्यात असावा. नियमातील एका शब्दाने हजारो कुटुंबांचे छप्पर जाते, हे गिरणगावाने पाहिले आहे. म्हणूनच आराखडे हरकती व सूचनांसाठी खुले होतात, तेव्हा जाणत्या नागरिकांनी ते वाचले पाहिजेत. इमारत उभी राहिल्यावर केलेली हळहळ कोणाला घर देत नाही.