झाडांचं नवं वर्ष आणि आपला हिशेब

(वार्षिक सभेत दिलेलं मनन)



आज मी एका यहूदी सणाविषयी बोलणार आहे. त्याचं नाव तू बिश्वात. हिब्रू अक्षरांना अंकांचंही मोल असतं, आणि 'तू' म्हणजे १५. शबाट महिन्याची १५ वी तिथी, एवढाच या नावाचा अर्थ. जानेवारी-फेब्रुवारीत पौर्णिमेच्या सुमाराला हा दिवस येतो. इस्राएल देशात तेव्हा बदामाला फुलं येऊ लागतात. यहूदी लोक याला झाडांचं नवं वर्ष म्हणतात.

आपल्या रायगड जिल्ह्यालाही हा सण नवा नाही. कोकणातले बेने इस्राएल लोक या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळे गावी जमतात. एलीया संदेष्टा तिथे प्रकट झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. गोड पोहे, खोबरं आणि फळं यांचा मलिदा करून ते देवाचे आभार मानतात. सण त्यांचा आहे. तो उचलून आपण आपला करायचा नाही. शेजाऱ्याकडून शिकायचं, एवढंच.

या दिवसाचं मूळ पूजेत नाही, हिशेबात आहे. नियमशास्त्राप्रमाणे पिकाचा दशांश द्यायचा असे, आणि एका वर्षाचा दशांश दुसऱ्या वर्षाच्या फळांतून देता येत नसे. मग झाडाचं वर्ष कधी बदलतं? शम्मायच्या शिष्यांनी शबाटची १ तारीख सांगितली, हिल्लेलच्या शिष्यांनी १५. हिल्लेलचं मत मान्य झालं.

आता अनुवाद १४:२८-२९ पाहा. तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. त्यांनी यावं आणि पोटभर खावं. म्हणजे कोणतं फळ गरिबाच्या वाट्याचं, हे या तारखेवरून ठरत असे. झाडाला अजून फळ धरायचं असतानाच त्यातला गरिबाचा वाटा नेमलेला होता. मालकाच्या मनात दया आली तर द्यायचा, असा तो नव्हता.

हे ध्यानात ठेवून लूक १३:६-९ वाचा. मालक तीन वर्षं अंजिराच्या झाडाकडे फळ पाहायला येतो आणि शेवटी ते तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

सेवेत असलेली आपण माणसं हा दाखला वाचताना सहज माळ्याच्या जागी उभी राहतो. वाडीवरचे लोक म्हणजे ते झाड, आणि आपण धीर धरणारे! पण प्रभू येशूने हा दाखला कोणाला सांगितला? तुम्ही पश्चात्ताप करा, असं ज्यांना तो नुकतंच म्हणाला होता, त्या ऐकणाऱ्यांना. झाड ते होते. झाड आपण आहोत. आणि फळ कोणतं? लूकच्याच ३ ऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला शोभेल असं फळ मागतो. लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक द्या. अन्न असेल तर तेही तसंच वाटा.

बंधुभगिनींनो, पुढच्या महिन्यात आपल्याला कातकरी वाडीवरच्या अभ्यासवर्गाचा निर्णय घ्यायचा आहे. तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलंही जातात, आणि वर्गात सात-आठ जण उरतात. 'फळ दिसत नाही, मग खर्च कशाला?' असं विचारलं जातं. पैसा लोकांच्या घामाचा आहे, तेव्हा हा प्रश्न योग्यच आहे. पण तो विचारताना फळ त्या मुलांकडे मागू नका. शास्त्र ते आपल्याकडे मागतं.

माळ्यानेही नुसती मुदत मागितली नाही. खणायचं आणि खत घालायचं काम त्याने स्वतःवर घेतलं. आपल्यासाठी ते काम असं असू शकेल: आजीआजोबांजवळ मागे राहू शकणाऱ्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करायची. जी मुलं गेलीच, त्यांची भट्टी शोधून आठवड्यातून दोनदा तिथे जायचं. त्यासाठी आणखी एक शिक्षिका लागेल. त्याचा खर्च मी सभेपुढे मांडणार आहे.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरीयेला प्रभू माळी वाटला. मला वाटतं, त्यात खोल सत्य आहे. तोच पित्याजवळ आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आपल्याला मिळालेलं हे वर्ष त्याने मागून घेतलेलं आहे. त्यातला गरिबाचा वाटा आधीच ठरलेला आहे, आणि तो आपल्याकडून त्यांच्यापर्यंत पोचायचा आहे.

प्रभू आपल्याला फळ देण्यास साहाय्य करो. आमेन.