घोटभर पाण्याचं नाटक

(धाराशिव येथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



एखाद्या नाटककारावर बोला म्हणालात. मी प्रेमानंद गज्वींवर बोलतो. माणूस आपल्या जिल्ह्याचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावचा, जन्म १९४७चा. पण आम्हा पोरांना नाटकवाले केलं ते त्यांनीच.

१९७७ साली त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली. पात्रं दोनच. पडदा नको, सेट नको, थेटर नको. आमच्याजवळ तरी दुसरं काय होतं? सतरंजी काखेत मारली अन् याच जिल्ह्यातल्या एका गावात गेलो. प्रयोगाआधी तहान लागली म्हणून एका घरी पाणी मागितलं. म्हातारीनं ओंजळ करायला लावली आणि वरून पाणी ओतलं. तांब्या काही हातात दिला नाही. महाडचं तळं चाखलं १९२७ साली, अन् आम्ही पन्नास वर्षांनंतरही ओंजळीनंच पीत होतो! रात्री तीच म्हातारी पुढं बसून नाटक बघत होती. मधेच उठून गेली. टाळ्या पडल्या, पण मला तिची रिकामी जागाच दिसत राहिली.

पुढं १९९१ साली त्यांचं 'किरवंत' आलं. डॉ. श्रीराम लागूंनी ते बसवलं. मी चिडलो. बामणाचं दुःख आपण कशाला मांडायचं? मग वाचलं. किरवंत प्रेताचे विधी करतो, म्हणून बाकीचे ब्राह्मण त्याला लांब ठेवतात. म्हणजे जातीच्या उतरंडीत सगळ्यात वरचं मडकं बघा, त्याच्या आतही पुन्हा उतरंडच! आपण खालून ओरडत होतो. गज्वींनी वरचं मडकं उघडून दाखवलं.

'गांधी-आंबेडकर'मध्ये त्यांनी दोघांच्या मधे विदूषक उभा केला. तो दोघांनाही सोडत नाही. आपल्या माणसाला प्रश्न विचारायला छाती लागते, दोस्तहो. जयजयकाराला लागत नाही. पुढं त्यांनी बोधी नाट्य परिषद काढली. ज्ञानासाठी कला, हे तिचं म्हणणं.

२०१७ साली ९७वं नाट्यसंमेलन आपल्याच शहरात भरलं. तेव्हा याचं नाव उस्मानाबाद होतं. दोन वर्षांनी नागपूरच्या ९९व्या संमेलनात अध्यक्ष होते प्रेमानंद गज्वी. आपल्यातलेच काही म्हणाले, गेला प्रस्थापितांत. मी म्हणतो, त्यांचा हिशोब नंतर करू. आधी आपला करू. त्या गावात आपण पुन्हा गेलो का? मी नाही गेलो. रागानं गेलो नाही, मग नोकरी लागली, मग सवयच झाली.

म्हातारी आता नसेल. तिची नातवंडं असतील. ती तांब्या हातात देतात की नाही, हे इथं शहरात बसून कळणार नाही. पुढच्या महिन्यात मी जातोय. सतरंजी माझी. पात्रं दोन पाहिजेत.

बोला, कोण येतं?