शब्दाचा जोर आणि गायनाची लय



ग्रीक ख्रिस्ती देवळांत जे गायन परंपरेने चालत आले आहे, त्यास बायझंटाइन गायन म्हणतात. त्याची लय कोणी ठरवावी, मात्रांनी की शब्दांनी, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. आम्ही संगीतज्ञ नव्हे. आमची हयात कामगार चळवळीत गेली. परंतु अनेक माणसांनी एका आवाजात कसे बोलावे, हा प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे.

प्राचीन ग्रीक काव्य आपल्या वृत्तांप्रमाणे लघु-गुरूंवर चाले. पुढे बोलण्याची धाटणीच पालटली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसला गेला आणि शब्दातील एका ठरावीक अक्षरावर जोर देण्याची रीत रूढ झाली. हा जोर केवळ शोभेचा नाही. आजच्या ग्रीक भाषेत ‘पोते’ असा एक शब्द आहे. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर त्याचा अर्थ होतो ‘केव्हा?’, आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘कधीच नाही’! मजुरी केव्हा वाढणार, असे विचारणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला नको.

सहाव्या शतकात सीरियातला रोमानोस हा कवी कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याची स्तोत्रे या जोराच्या पायावरच उभी आहेत. नमुन्याच्या कडव्यात जितकी अक्षरे, तितकीच पुढच्या कडव्यांत. आणि जोरही बहुतेक त्याच जागी. म्हणून सारी कडवी एका चालीत म्हणता येतात.

प्रत्यक्ष गाताना जलद चालीत बहुधा एका अक्षराला एक मात्रा मिळते. मात्रा सारख्या, पण त्यांचे गट सारखे नसतात. जोराच्या अक्षरावर हात खाली येतो. पुढचा जोर दोन मात्रांनी आला तर दोनांचा गट, तीन किंवा चारांनी आला तर तीनांचा किंवा चारांचा. आपल्या तालासारखे ठरलेले आवर्तन तेथे नाही. जोराच्या अक्षरावर सूरही पुष्कळदा वर चढतो. फार विलंबित गायनात मात्र एकेक अक्षर इतके लांबते की जोराचा अंमल सैल पडतो.

1814 साली क्रिसांथोस, ग्रेगोरिओस आणि खुर्मूझिओस या तिघांनी स्वरलेखनाची पद्धत सुधारली. आधीच्या सुरापासून किती पायऱ्या चढायचे वा उतरायचे आणि किती वेळ थांबायचे, हे खुणांवरून स्पष्ट कळू लागले. तरी वाद संपला नाही. कोणी शब्दाच्या जोराप्रमाणे गट पाडतात, तर कोणी सरळ दोन-दोन मात्रा मोजतात.

खरी कसोटी भाषांतरात लागते. नवव्या शतकापासून ही स्तोत्रे स्लाव्ह भाषेत गेली, तेव्हा अक्षरसंख्या आणि जोर मूळच्या जागी राहणे शक्यच नव्हते. 1823 साली माकारिए या रोमेनियन साधूने आपल्या भाषेतील गायनाची पुस्तके व्हिएन्नात छापली. त्याने ग्रीक चाली जशाच्या तशा शब्दांवर लादल्या नाहीत. रोमेनियन शब्दांना सोसतील अशा बेताने त्या बसवल्या.

आम्हांला हीच गोष्ट मोलाची वाटते. देवळात उभा असलेला शेतकरी वा खलाशी स्वरलिपी वाचत नाही. त्याच्या कानी फक्त शब्द पडतो. तो शब्द मोडून लय राखली, तर ती लय कोणासाठी राखली? शब्द सर्वांच्या तोंडचा असतो, म्हणूनच त्याच्या जोरावर सर्वांना एकत्र चालता येते.